दगड फोडून पोट भरेल काय?

आमच्या घरीं मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न निघाला म्हणजे अखेरचा शब्द आमचा, असा एक अलिखित दंडक गेलीं पस्तीस-चाळीस वर्षें चालत आला आहे. हा दंडक कोणीं घालून दिला हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. वडील लवकर गेले, भावंडांत आम्ही ज्येष्ठ, आणि चार पैसे प्रथम आमच्या हातीं आले, एवढेंच त्याचें मूळ असावें. या दंडकाप्रमाणें आम्हीं एका भावास बँकेंत चिकटविलें, दुसऱ्यास स्थापत्य अभियंता केलें आणि पुढल्या पिढींतील तिघांस संगणकाच्या कामास लावून दिलें. सर्वांचें बरें चाललें आहे. त्यामुळें गेल्या वर्षीं धाकट्या भावाच्या कन्येचा बारावीचा निकाल लागला, तेव्हां तिच्याविषयींही आमच्या मनांत सर्व कांहीं ठरलेलेंच होतें. तिला मात्र तें ठाऊक नव्हतें. पेढे वाटून होतांच ती आमच्यापुढें येऊन बसली आणि म्हणाली, "काका, मी भूगर्भशास्त्र घेणार आहें."

"दगड फोडून पोट भरेल काय?" हे उद्गार आमच्या तोंडून ज्या तत्परतेनें बाहेर पडले, तिची आज आम्हांस थोडी लाज वाटते. त्या विषयासंबंधीं आम्हांस कितपत माहिती होती, असें कोणीं विचारलें असतें तर उत्तर देणें कठीण गेलें असतें. पोरीच्या आईस रानावनांतील भटकंतीचें भय वाटलें. आमच्या मातोश्रींनीं जपमाळ थांबवून एवढेंच विचारलें कीं, "विहिरीवर आले होते त्या गृहस्थांचीच विद्या ना ही?" पोरीचा बाप, म्हणजे आमचा बँकेंतला भाऊ, खालीं मान घालून पेढ्यांच्या पेटीचा दोरा गुंडाळीत राहिला. तो कांहीं बोलला नाहीं, आणि तो बोलत नाहीं याची आम्हांस इतकी संवय झालेली कीं तिकडे आमचें लक्षही गेलें नाहीं.

मातोश्रींनीं विहिरीची आठवण काढली ती मात्र नेमकी होती. कुळकायद्यांतून वांचलेली आमची दोन एकर वडिलार्जित जमीन सासवडाच्या बाजूस आहे. तिच्यांत पाणी असावें, चार झाडें लावावींत, ही आमची जुनी हौस. प्रथम आम्हीं एका पाणाड्यास बोलाविलें. त्यानें तळहातावर नारळ ठेवून सारें शेत पालथें घातलें, आणि जेथें नारळ उभा राहिला तेथें बोअर घेण्यास सांगितलें. चारशें फूट खोल गेलों; पांढरी धूळ उडाली, पाणी लागलें नाहीं. पैसे गेले ते गेलेच, पण शेजारच्या शेतकऱ्यानें "पुण्याच्या शिकलेल्या माणसांनीं नारळावर विश्वास ठेवावा ना!" असें म्हटलें, तें अधिक झोंबलें. मग एका स्नेह्यांच्या ओळखीनें आम्हीं भूजलाचे एक जाणकार नेले. त्या दिवशीं शाळेस सुटी होती म्हणून ही पोरही बरोबर आली. तेव्हां ती आठवींत होती.

त्या गृहस्थांनीं शेताकडे प्रथम पाहिलेंच नाहीं. ते शेजारच्या ओढ्यांत उतरले आणि त्याची दरड वरपासून खालपर्यंत वाचीत गेले. वाचीत गेले हाच शब्द येथें योग्य आहे. वर माती, तिच्याखालीं मुरूम, त्याखालीं बारीक भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक, त्याखालीं वीतभर लाल गेरूचा पट्टा आणि सर्वांत खालीं घट्ट काळा पाषाण, असा क्रम त्यांनीं पोरीस बोट लावून दाखविला. पाणी मुरतें व साठतें तें मुरुमांत आणि फुटलेल्या, भेगाळलेल्या थरांत. अखंड काळ्या पाषाणांत भेग नसेल तर चारशें काय, हजार फूट गेलों तरी तो कोरडाच. पुढें त्यांनीं जमिनींत चार लोखंडी खुंट्या ओळीनें ठोकल्या, बाहेरच्या दोहोंतून विजेचा प्रवाह सोडला व आंतल्या दोहोंवर त्याचें मोजमाप घेतलें. ओला, झिजलेला खडक विजेस कमी अडवितो, कोरडा घट्ट खडक अधिक अडवितो. खुंट्यांमधील अंतर वाढवीत नेलें म्हणजे अधिकाधिक खोलीचा अंदाज येतो. शेताच्या उतरावरून काळ्या दगडाची एक अरुंद भिंत आडवी गेलेली त्यांस आढळली. जुन्या लाव्हाच्या थरांत मागाहून घुसलेल्या रसाची ती भिंत, इंग्रजींतून आलेल्या शब्दानें तिला 'डाइक' म्हणतात. वरून झिरपत येणारें पाणी या भिंतीनें अडविलें असावें, म्हणून तिच्या वरच्या अंगास विहीर खणा, असें त्यांनीं सुचविलें. आणि "खात्री देत नाहीं, संभव सांगतों," हेंही बजावलें. अडतीस फुटांवर मांजऱ्यांत झरा लागला. वैशाखांत आजही ती विहीर दिवसाकांठीं दोन तासांचाच उपसा देते, पण देते.

अर्थात् पोरीच्या डोक्यांत हें वेड आमच्याच खर्चानें शिरलें होतें. त्या दिवसापासून ती वाटेंतला दगड उचलून पाहूं लागली. एकदां तर देवघरापर्यंत मजल गेली. पंचायतनांतील शाळिग्राम हातांत घेऊन ती मातोश्रींस म्हणाली, "आजी, हा पंधरा-सोळा कोटी वर्षांपूर्वींचा समुद्रांतला प्राणी आहे. हें चक्र म्हणजे त्याच्या शंखाचें वेटोळें. हिमालय वर आला तेव्हां समुद्राचा तळ त्याच्याबरोबर वर आला आणि आतां गंडकी तो कापून खालीं आणते." आम्हांस वाटलें, आतां कांहींतरी अनर्थ होणार. परंतु मातोश्री शांतपणें म्हणाल्या, "मग नारायण क्षीरसमुद्रांतच असतो, हें मी तुला आणखी काय वेगळें सांगत होतें? ठेव जागेवर, आणि हात धुतले होतेस ना?" नर्मदेंतला बाण, शोण नदीचा तांबडा गणपति आणि गंडकीचा शाळिग्राम असे तीन नद्यांचे तीन खडक आपण पिढ्यान्पिढ्या ताम्हनांत घेऊन न्हाऊं घालीत आलों, पण ते कोठून आले असा प्रश्न आम्हांस साठ वर्षांत पडला नव्हता.

असो. नकार द्यावयाचा तर तो माहितीच्या आधारावर द्यावा, एवढा विवेक आम्हांस सुचला. दोन महिने आम्हीं प्राध्यापक, निवृत्त अधिकारी, खाणींत काम केलेले गृहस्थ यांच्या भेटी घेतल्या. त्यांतून जें कळलें तें, ज्यांच्या घरीं असाच प्रश्न उद्भवेल त्यांच्या उपयोगीं पडावें, म्हणून येथें देत आहों.

पहिली गोष्ट ही कीं, आपला महाराष्ट्र म्हणजे या शास्त्राची एक उघडी शाळाच आहे. राज्याचा सुमारे चारपंचमांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हाच्या थरांनीं झांकलेला आहे. सर्व मिळून या काळ्या खडकाचा, म्हणजे बेसॉल्टचा, विस्तार आजही सुमारे पांच लक्ष चौरस किलोमीटर भरतो. कळसूबाईचें शिखर त्याचेंच, अजिंठा-वेरूळचीं लेणीं त्यांतच कोरलेलीं. लोणारचें सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचें विवर उल्काघातानें याच खडकांत पडलें. पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींतून निघणारे कॅव्हन्साइटचे निळे स्फटिक जगभरच्या संग्राहकांस ठाऊक आहेत, आपण मात्र त्या खाणींवरून रोज जातों आणि केवळ धुळीची तक्रार करतों. पूर्व विदर्भांत आणि सिंधुदुर्गांत याहून कितीतरी जुने खडक आहेत. नागपूर-भंडाऱ्याचें मँगनीज, चंद्रपूरचा कोळसा आणि चुनखडी, गडचिरोलीचें लोखंड ही संपत्ति तेथली.

आतां शिक्षणाविषयीं. बारावीस शास्त्रशाखा असावी. पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित यांचा पाया पक्का असावा. पुण्याचें फर्ग्युसन, मुंबईचें सेंट झेवियर्स अशा महाविद्यालयांत हा विषय शिकवितात. परंतु केवळ पदवीवर थांबून या मार्गांत फारसें हातीं लागत नाहीं, हें प्रत्येकानें आम्हांस निक्षून सांगितलें. पदव्युत्तर शिक्षण हें येथें आवश्यकच समजावें. त्यासाठीं पुणें व नागपूर येथील विद्यापीठें आहेत. मुंबईच्या आयआयटींत जाण्यासाठीं 'जॅम' नांवाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. आणि १९२६ सालीं स्थापन झालेली धनबादची खनिविद्येची संस्था, जी आतां आयआयटी झाली आहे, ती तर या क्षेत्रांतील जुनें नांव. म्हणजे पांच-सहा वर्षें घरानें धीर धरला पाहिजे. तिसऱ्या वर्षानंतर "नोकरी कधीं?" असें विचारणाऱ्या घरानें या वाटेस मुलास पाठवूं नये.

पुढें सरकारी नोकरींत सर्वांत मानाचें स्थान भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचें. तें १८५१ सालीं स्थापन झालें व त्याचें मुख्य ठाणें कोलकत्यास आहे. याच खात्यांत पूर्वीं काम केलेल्या प्रमथनाथ बोस यांनीं १९०४ सालीं मयूरभंजच्या लोखंडाविषयीं जमशेटजी टाटांस पत्र लिहिलें, आणि त्यांतून पुढें जमशेदपूरचा कारखाना उभा राहिला. एका माणसाच्या पायपिटीनें एक शहर वसतें तें असें. या खात्यांत व केंद्रीय भूजल मंडळांत प्रवेश मिळतो तो संघ लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेनें. तिला पदव्युत्तर पदवी लागते, वयोमर्यादा सामान्यतः २१ ते ३२ वर्षें, आणि पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा व मुलाखत अशा तीन पायऱ्या आहेत. वेतन सातव्या आयोगाच्या श्रेणींत मूळ ५६,१०० रुपयांपासून, म्हणजे कोणत्याही वर्ग एकच्या अधिकाऱ्यासारखें. हें ऐकून आम्ही हुरळलों होतों, तोंच एका निवृत्त अधिकाऱ्यांनीं जागांचा हिशेब पुढें ठेवला. २०२३ सालच्या परीक्षेस पावणेतीनशेंहून अधिक जागा होत्या, तर २०२४ च्या परीक्षेस साठही नव्हत्या. याच एका परीक्षेवर सर्व भिस्त ठेवणाऱ्यानें हा चढउतार ध्यानीं घ्यावा.

त्याखेरीज तेल व नैसर्गिक वायु महामंडळासारख्या संस्थांत जातां येतें. १९७४ सालीं मुंबईच्या समुद्रांत तेल सापडलें तें याच शास्त्राच्या बळावर. राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पुण्यास आहे, भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय नागपुरास. आणि भारतीय खाण ब्यूरो, मॉयल, वेस्टर्न कोलफील्ड्स यांचीं मुख्य ठाणींही नागपुरासच असल्यामुळें, या विद्येचें खरें माहेर पुणें-मुंबई नसून नागपूर आहे असें म्हटल्यास चुकीचें होणार नाहीं. धरणें, बोगदे, भुयारी रेल्वे यांच्या पायाची परीक्षा करण्यासही हेच लोक लागतात. मुंबईच्या पोटांतून मेट्रो गेली, ती खडक कोठें घट्ट आणि कोठें ठिसूळ हें आधीं पाहूनच. उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणें, पाण्याविषयीं सल्ला देणें, अध्यापन व संशोधन करणें, या वाटा निराळ्याच. २०२३ सालीं केंद्र सरकारनें ३० खनिजें देशाच्या दृष्टीनें अत्यंत महत्त्वाचीं म्हणून जाहीर केलीं. लिथियम, कोबाल्ट यांसारखीं हीं द्रव्यें शोधावयाचीं तर माणसें लागणारच.

परंतु नाण्याची एकच बाजू दाखविणें हा वाचकांशीं अप्रामाणिकपणा होईल. खाणींचा धंदा सरकारच्या धोरणावर, न्यायालयाच्या निकालावर आणि जगाच्या बाजारभावावर हेलकावे खातो. गोव्यांतील लोखंडाच्या खाणी २०१२ सालीं थांबल्या, पुढें चालू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयानें ८८ पट्टे रद्द केल्यावर २०१८ सालीं पुन्हां बंद पडल्या. त्या निकालामागें अरण्यांच्या व कायद्याच्या हानीचीं सबळ कारणें होतीं यांत शंका नाहीं. पण त्या काळांत तेथल्या कांहीं तरुण भूवैज्ञानिकांस चरितार्थासाठीं निराळे धंदे धरावे लागले, असें आम्हांस खाणींत काम केलेल्या एका गृहस्थांनीं सांगितलें. तेलाचा भाव उतरला म्हणजे तेलकंपन्यांची भरती आटते. शिवाय वर्षाचे कित्येक महिने तंबूंत, उन्हांत, घरापासून दूर काढावे लागतात. ज्यास रोज सायंकाळीं घरीं येऊन वरणभात हवा, त्यानें दुसरा विषय पाहावा.

मुलींविषयीं स्वतंत्रपणें लिहिलें पाहिजे, कारण आमच्या घरीं खरा अडसर तोच होता. १९५२ च्या खाण कायद्यानें स्त्रियांस भूमिगत खाणींत काम करण्यास मनाई होती. २०१९ सालीं केंद्र सरकारनें ती सैल केली आणि तांत्रिक, देखरेखीच्या व व्यवस्थापनाच्या कामांसाठीं दिवसाच्या वेळीं स्त्रियांस खाणींत उतरण्यास मुभा दिली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणांत स्त्रिया काम करीत आहेतच. एका बाईंशीं आमचें बोलणें झालें. त्यांनीं वीस वर्षें डोंगर पालथे घातले आहेत. अडचणी काय येतात, असें विचारतां त्या म्हणाल्या, "साप-विंचवांचें कांहीं वाटत नाहीं, गांवांत मुक्कामास स्वच्छ न्हाणीघर मिळत नाहीं, हीच मोठी अडचण. आणि घरचे दर फोनला 'कधीं परत येतेस' विचारतात, ती दुसरी." दुसरी अडचण दूर करणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे, हें त्यांनीं न बोलतां सुचविलें.

पोटापाण्याच्या हिशेबापलीकडेही एक गोष्ट आम्हांस या चौकशींत जाणवली. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण आमच्या पिढीस आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपति बोळवून लोक निजले असतां पहाटे किल्लारीची भूमि हादरली, आणि दगडमातीच्या जाड भिंती व माळवदें यांखालीं सुमारे दहा हजार माणसें गेलीं. ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांवावर डोंगर आला, दीडशेंच्या आसपास जीव गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळवाडीवर तोच प्रसंग. भूकंप केव्हां होईल हें आजही कोणीं सांगूं शकत नाहीं. पण कोणती भूमि कशी हलते, कोणता उतार धोक्याचा, कोठें घर बांधूं नये, हें सांगणारे नकाशे हे लोक करीत आहेत. कोयनेच्या परिसरांत तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून भूकंपाच्या मुळाशीं पोंचण्याचा उद्योग कऱ्हाडच्या प्रयोगशाळेनें चालविला आहे. ही विद्या दगडांची खरी, पण तिची किंमत माणसांच्या जिवांत मोजावी लागते.

ही सर्व माहिती घेऊन एका रविवारीं आम्हीं घरांतल्या सर्वांस बसविलें व दोन्ही बाजू मांडल्या. आमचा स्वतःचा कल, खरें सांगावयाचें तर, अद्याप नकाराकडेच होता. विषय चांगला, पण दुसऱ्याच्या मुलानें घ्यावा, अशी मध्यमवर्गीय माणसाची जी स्थिति असते तीच आमची होती. शेवटीं केवळ रीत म्हणून आम्हीं भावास विचारलें, "तुझें काय म्हणणें?"

तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "दादा, मला वनस्पतिशास्त्र घ्यायचें होतें. तूं म्हणालास, पानें मोजून पोट भरेल काय. मी वाणिज्य घेतलें. माझें वाईट झालें असें मी म्हणत नाहीं. पण तेव्हां तूं कोणाकडे चौकशी केली नव्हतीस. तिच्यासाठीं दोन महिने हिंडलास, तर आतां जें कळलें त्याप्रमाणें होऊं दे."

त्याच्या शब्दांत राग नव्हता. असता तर उत्तर देणें सोपें गेलें असतें. पस्तीस वर्षें त्यानें गच्चीवर कुंड्या कां सांभाळल्या, आणि प्रत्येक कुंडीवर लॅटिन नांवाची चिठ्ठी कां लावली, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. आम्ही रोज त्या कुंड्यांजवळून जात होतों. ओढ्याची दरड वाचणारे गृहस्थ पाहून आम्हीं कौतुक केलें, परंतु घरांतला माणूस आम्हांस वाचतां आला नव्हता.

पोर आतां पुण्यास पहिलें वर्ष पुरें करीत आहे. पहिल्या सहलीहून आली ती मातींत लोळल्यासारखी, पायांस फोड, पिशवींत सात सेर दगड. आणि जेवतांना तिचें बोलणें थांबेना. पुढें तिला जागा मिळेल किंवा न मिळेल. पदव्युत्तर शिक्षणाची पांच वर्षें खर्च देण्याचें, आणि मधल्या काळांत "पुढें काय?" हा प्रश्न न विचारण्याचें आम्हीं कबूल केलें आहे, दुसरी अट पहिलीहून जड जात आहे. तिनेंही संगणकावरील नकाशांचें काम जोडीस शिकण्याचें मान्य केलें आहे, म्हणजे एक दार बंद झालें तर दुसरें उघडें राहावें.

ज्यांच्या घरीं यंदा निकाल लागतील, त्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति आहे. मुलगा वा मुलगी अनोळखी विद्येचें नांव घेईल तेव्हां होकार द्याच असें नाहीं. पण नकार देण्यापूर्वीं दोन महिने चपला झिजवा. आणि घरांत जो बोलत नाहीं, त्याचें मत सर्वांत आधीं विचारा. आम्हांस तें विचारावयास पस्तीस वर्षें लागलीं.